दरवाजेवाला पिच्चर

चोवीस वर्षं मी टॉकीजच्या बुकिंगला बसले, पण नाशिकची माणसं मला चेहऱ्यानं फारशी माहीत नाहीत. मला माहीत आहेत ते हात. आमची खिडकी म्हणजे लोखंडी पत्र्याला पाडलेलं वीतभर भोक. त्यातून हात आत यायचा, मुठीत नोट, "तीन बाल्कनी," मी तिकिटं फाडायची, हात बाहेर. मेंदीचे हात, ग्रीसचे हात, कांद्याच्या वासाचे हात, देवळाली कॅम्पातल्या जवानांचे नखं कापलेले स्वच्छ हात. कुणी आत हात घालून टिचक्या वाजवल्या की माझं डोकं फिरायचं. "टिचक्या घरी जाऊन वाजव," म्हणून मी कितीजणांना रांगेत मागं पाठवलंय. लोक मला मिरचीबाई म्हणायचे. पाठीमागं कशाला, तोंडावर म्हणायचे.

आधी माझे वडील या खिडकीत बसायचे. ते गेले आणि मालकांनी मला बसवलं, म्हणाले, बाई असली की पब्लिक शिव्या कमी देईल. शिव्या कमी झाल्या खऱ्या, कारण मी आधी द्यायला लागले. एक गोष्ट मात्र वडिलांच्या काळापासून तशीच होती. बुकिंग सुरू झालं की मॅनेजर खोलीला बाहेरून कुलूप घालायचे. पूर्वी कधीतरी गर्दीत कुणीतरी आत घुसून गल्ला पळवला होता, तेव्हापासूनची रीत. पाऊण तास मी आत कोंडलेली. एवढ्या वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दोन हजार एकची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती आणि आमच्याकडं एक इंग्रजी पिच्चर हिंदीत डब होऊन आला. कुठल्याशा व्हिडिओ गेमवरून काढलेला. त्याचं नाव मला धड उच्चारताही यायचं नाही. पोस्टरवर एकामागं एक बारा दरवाजे आणि पुढं तलवारवाला, म्हणून आम्ही सगळे त्याला दरवाजेवाला पिच्चरच म्हणायचो. मॅनेजर म्हणाले, "प्रतिभाताई, गेमवर कधी पिच्चर चालतो का? बटणं दाबायची सोडून खुर्चीत बसून कोण बघणार? शुक्रवार ते गुरुवार, एक आठवडा, खेळ खलास." मीही म्हटलं, डोंबल चालतोय.

गुरुवारी पोस्टर लागलं आणि शुक्रवारी सकाळी एक बाई हाराची पाटी घेऊन दारात. पन्नाशीची, काळीसावळी, नऊवारी खोचलेली. पहिल्या शोच्या आधी प्रोजेक्टरच्या मशीनला हार घालून नारळ फोडतात, त्याचा हार आमचा नेहमीचा माळी आणायचा. त्याला मागं सारून ही आली होती.

"किती?" मी विचारलं.

"पैसं नको. ताई, ह्यो पिच्चर त्या दारांच्या गेमचाच हाय ना?"

"आहे. का हो, तुम्ही खेळता की काय?"

मी आपली चेष्टा केली. ती हसली नाही. पाटी खाली ठेवून खिडकीशी वाकली आणि सांगायला लागली.

तिचं नाव भागुबाई. मखमलाबादकडं त्यांचा फुलांचा मळा, ती स्वतः फुलबाजारात बसायची. मुलगा अमोल. फुलं घेऊन शहरात यायचा आणि द्वारका चौकापाशी एका गाळ्यात व्हिडिओ गेमची मशीनं होती तिथं अडकून पडायचा. एक रुपयाचं नाणं टाकायचं आणि एकेक दरवाजा उघडत जायचं. शहाण्णवच्या दसऱ्याला भागुबाईनं त्याला झेंडूच्या चार गोण्या राखायला बसवलं आणि ती हिशेब करायला आडत्याकडं गेली. माळ्याच्या घरात दसऱ्याचा झेंडू म्हणजे अख्ख्या वर्षाचं पीक. परत येऊन बघते तर गोण्यांत दोन मोकाट गाई तोंड घालून उभ्या आणि पोराचा पत्ता नाही.

"मला ठावं होतं कुठं आसंल. गेले तशीच. केसाला धरून बाहेर काढला, आन् पायातली चप्पल काढली. समद्या पोरांसमोर. लय मारला ओ ताई. त्याचे दोस्त म्हणत व्हते, मावशी थांबा, थांबा. मंग कळलं मला, अकरा दारं उघडली व्हती त्यानं. बाराव्यापाशी हुता. नाशकात कुणी बारावं उघडलं नव्हतं म्हणे."

त्या संध्याकाळी अमोल घरी आला नाही. मग आलाच नाही. सतरा वर्षांचा होता. पाच वर्षांत कुणी सांगायचं नांदगावला हॉटेलात दिसला, कुणी सांगायचं देवळाली कॅम्पात ट्रक धुताना. भागुबाई आणि तिचा नवरा भिमाजी दोघं धावत जायची आणि तशीच परत यायची. मग भिमाजीनं जाणं सोडलं. हिनं सोडलं नाही. आणि आदल्या दिवशी फुलबाजारासमोरच्या भिंतीवर पोस्टर चिकटलं. भागुबाईला वाचता येत नव्हतं, पण ते दरवाजे तिनं ओळखले. गाळ्यातल्या मशीनवर तिनं तेच बघितले होते, हातात चप्पल असताना.

"त्यो ह्यो पिच्चर बघितल्याबिगर ऱ्हाणार नाय," ती म्हणाली. "नाशकात फकस्त तुमच्याकडंच लागलाय. मी पायरीवर बसते, तोंडं बघते. गर्दीत चुकला तर? तुम्ही हात बघा. उजवी करंगळी अर्धी हाय त्याची. ल्हान होता तवा कडबाकुट्टीत गेली. बघाल ना?"

"बघते," मी म्हटलं. "चोवीस तास तेच तर करते."

मला वाटलं होतं, बाई दोन दिवस बसेल आणि कंटाळेल, कारण पिच्चरच पडणार. पण झालं भलतंच. शुक्रवारी तीनच्या शोलाच बाल्कनी भरली. शनिवारी हाउसफुलचा बोर्ड लागला. एवढी पोरं नाशकात गेम खेळत होती हे आम्हाला माहीतच नव्हतं. पाच-सात वर्षांपूर्वीची चड्डीतली पोरं आता मिशा फुटून, कमवायला लागून, चौघंचौघं मिळून येत होती. पडद्यावर दरवाजा उघडला की आतून आरोळी यायची, ती माझ्या खोलीत ऐकू यायची. "एक! दोन!" मॅनेजर पेपर नाचवत आले, अमेरिकेत या पिच्चरनं किती कोटी डॉलर ओढले ते वाचून दाखवायला. शुक्रवारी नाक मुरडणारा माणूस शनिवारी म्हणत होता, "मी सांगितलंच होतं."

भागुबाई पायरीवर. सकाळी फुलबाजारात बसायचं, दुपारी पाटी उचलून इकडं. प्रत्येक तोंड बघायची. गर्दी वाढली तशी ती पायरीवरून उठून कठड्यावर चढली. डोअरकीपर पुंजानं तिला हटकलं, तर मी आतून ओरडले, "बसू दे तिला, तुझ्या डोक्यावर बसलीय का?" पण मला दिसत होतं, तिला तोंडं पुरत नव्हती. लोंढा यायचा आणि जायचा. पिच्चर चालावा म्हणून तिनं देवाला नवस केला होता, आणि तो एवढा चालला की तिला माणूसच दिसेना.

रविवारी तीनच्या शोला तो आला.

रांग दोनदा वळून सायकल स्टँडपर्यंत गेली होती. मी घामानं निथळत होते. हात आत येत होते, जात होते, माझी बोटं आपोआप फाडत होती. एक हात आला, मुठीत पन्नासची नोट. "दोन स्टॉल." मी नोट ओढायला गेले आणि बघितलं, करंगळी अर्धी. शेंड्याला जखम भरून आलेली गुळगुळीत कातडी, नख नाही.

मी मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"अमोल?"

हात थबकला. नुसता थबकला, ओढला नाही. आता मी काय करायला हवं होतं ते मी हजार वेळा मनात करून पाहिलंय. हळू बोलायचं. भोकाशी तोंड न्यायचं आणि म्हणायचं, बाळा, एक मिनिट थांब. बस, एवढंच. कुठल्याही बाईला जमलं असतं. पण माझी जीभ! सगळा जन्म त्या खिडकीतून ओरडण्यात गेलेला.

"अरे ए शहाण्या!" मी कडाडले. "पाच वर्षं आई तिकडं झिजून मरतीय आणि तू इथं पिच्चर बघतोस होय? लाज वाटते का थोडी? ती बघ बाहेर कठड्यावर बसलीय, जा आधी आणि पाय धर तिचे!"

रांगेत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. "पकडला रे, मिरचीबाईनं पकडला!" "आईला सांगू का रे बाळा?" पोरं ती, त्यांचं काय जातंय. पण माझ्या हातातला तो हात गार पडला, देवाशपथ सांगते. मूठ उघडली, नोट माझ्या टेबलावर पडली. मग त्यानं हिसका दिला. माझ्या दोन बांगड्या फुटल्या, आणि भोकात काही उरलं नाही.

"पुंजा! पुंजा! धर त्याला!" मी दारावर धडका मारल्या. कुलूप. मॅनेजर वर मशीनवाल्याकडं गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. पुंजाला वाटलं मी नेहमीसारखी कुणाशी तरी भांडतेय. मी वळून बघते तर खिडकीत पुढचा हात आलेला. "पाच स्टॉल. अहो बाई, लवकर!"

मी त्याला पाच स्टॉल दिले. काय करणार होते? रडत दिले.

कुलूप उघडलं तेव्हा शो सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. मी अनवाणी बाहेर पळाले. सायकल स्टँडच्या मागं बोळ आहे, तिथून थेट हमरस्त्याला लागता येतं. तिथं कुणी नव्हतं. पुढच्या बाजूला भागुबाई कठड्यावरून उतरत होती, गुडघे चोळत.

"काय झालं ओ ताई? तुम्ही वरडत व्हता, गलक्यात कायबी कळलं नाय. मनगटाला रगत कसलं?"

"खिसेकापू होता," मी म्हटलं. "निसटला मेला."

त्या वेळी का खोटं बोलले? भीती वाटली. शिवाय मनात हिशेब होता की त्यानं पिच्चर बघितलाच नाही. बाराव्या दरवाज्यामागं काय आहे ते त्याला अजून कळलेलं नाही. म्हणजे तो परत येणारच. आला की या वेळी मी अस्सं गोड बोलेन, आणि दोघांची गाठ घालून मगच हिला सांगेन. ती पन्नासची नोट मी गल्ल्यात टाकली नाही. वडिलांच्या फोटोमागं खोचून ठेवली.

तेव्हापासून पायरीवरच्या बाईइतकीच मलाही त्या पिच्चरची गरज लागली. तो टॉकीजला असेपर्यंत अमोल येऊ शकत होता. मॅनेजरनं रविवारीच वितरकाला दुसऱ्या आठवड्याचा होकार कळवून टाकला आणि मी खोलीत बसून देवाला हात जोडले. आयुष्यात कुठल्या पिच्चरच्या गल्ल्यासाठी मी हात जोडले नव्हते.

पण दुसऱ्या शुक्रवारी समोरच्या टॉकीजला एक लग्नाबिग्नाचा, गाण्यांचा हिंदी पिच्चर लागला आणि सगळं पब्लिक बायकापोरांसकट तिकडं वळलं. गेमवाली पोरं एकदा आली, दोनदा आली, संपली. बोर्ड उतरला. सोमवारी बाल्कनीत सात माणसं होती. तिसऱ्या आठवड्याला मॅनेजरनं दरवाजेवाल्याला एकच शो ठेवला, दुपारी बाराचा, तोही मी भांडभांड भांडले म्हणून. आणि आमच्याकडं नियम असा की पंधरा तिकिटं फाटली नाहीत तर शो रद्द.

मी भागुबाईला नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी बाराला दहा मिनिटं कमी असताना फुलबाजारातल्या अकरा बायका रिकाम्या पाट्या घेऊन हजर! लताबाई, साळूबाई, सगळी फौज. साळूबाईनं खिडकीतून हात घालून मला विचारलं, "ताई, आत पंखा हाय ना?" आत जाऊन त्या पाय वर घेऊन खुर्च्यांवर झोपल्या. तलवारी खणखणत होत्या आणि या घोरत होत्या. पुंजा पोट धरून हसला. मीही हसले. चार तिकिटं कमी पडली, ती मी माझ्या पैशानं फाडली. पुढचे पाच दिवस आम्ही असा तो पिच्चर चालवला. टॉकीजच्या इतिहासात झोपलेल्या माळणींनी चालवलेला तो एकच पिच्चर असेल.

अर्ध्या करंगळीचा हात आला नाही. बाराच्या शोला हात येऊन येऊन किती येणार. मी प्रत्येक हात उलटासुलटा करून बघायचे. एक म्हातारा म्हणाला, "काय बाई, भविष्य बघता का?" नेहमीसारखं झापायचं सोडून मी त्याला तिकीट फाडून दिलं.

गुरुवार आला. शेवटचा शो. प्रिंटची पेटी संध्याकाळी मनमाडला जायची होती. फुलबाजारात लग्नाच्या ऑर्डरी होत्या, त्यामुळं बायका आल्या नाहीत. पब्लिक दोन. मी तेरा तिकिटं फाडली आणि बाहेर जाऊन भागुबाईला म्हटलं, "आज तुम्ही आत जा. इतके दिवस बसलात, निदान बघा तरी काय आहे ते."

"आन् त्यो आला तर?"

"मी आहे ना."

ती चपला हातात घेऊन आत गेली, देवळात गेल्यासारखी. मी तिच्या पायरीवर बसले. बारा ते दोन. समोरून रिक्षा गेल्या, दूधवाले गेले, शाळेच्या पोरी गेल्या. मी तोंडं बघत होते. मला तोंडं बघायची सवय नाही. सगळी सारखीच दिसत होती. मनाशी घोकत होते की ती बाहेर आली की सांगायचं. आज सांगायचंच. पाय धरायचे आणि सांगायचं, आला होता, माझ्यामुळं गेला.

ती बाहेर आली. डोळे चोळत उभी राहिली.

"बघितलं?" मी म्हटलं. "काय होतं बाराव्या दारामागं?"

"उघडलंच नाय."

"म्हणजे?"

"बाराव्यापाशी त्यो हात लावतो आन् पिच्चर संपला. पुंजादादा म्हणला, पिच्चर लय चालला ना तिकडं, म्हणून दुसरा काढणार हायेत. बारावं दार त्यात उघडणार." तिचा चेहरा असा उजळला होता, मी काय सांगू. "बरं झालं की ओ ताई. आता तर त्याला यावंच लागंल."

मी तोंड उघडलं. "भागुबाई, ऐका—"

"मी आत बसून इचार केला," ती म्हणाली. ती माझं ऐकतच नव्हती. "इतक्या दिवसांत तुम्ही एक हात सोडला नाय, मी एक तोंड सोडलं नाय. म्हंजी त्यो आलाच नाय. नाशकात नसंल, लांब कुठं कामाला आसंल, तिथं पिच्चर लागला नसंल. नायतर इथपर्यंत येऊन मला बघून तसाच गेला आसता का? एवढा काय राग धरल त्यो? सांगा बरं तुम्ही. गेला आसता का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. उत्तर हवं होतं तिला, खरंच हवं होतं.

"नाही," मी म्हटलं. "गेला नसता."

"त्येच म्हणते मी." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाटी उचलली. पाटीत सकाळचे हार तसेच होते, कडा सुकलेल्या. "चला. आज तुमच्या पिच्चरच्या नादात भवानी पण झाली नाय."

"थांबा," मी म्हटलं.

मी आत गेले. वडिलांच्या फोटोमागून ती पन्नासची नोट काढली. हातात घेतली तर चुरगळलेली होती, त्यानं मूठ वळली होती तशीच. बाहेर येऊन तिच्या पाटीतला एक हार उचलला आणि नोट तिच्या हातात दिली.

"पन्नास? एका हाराचे?"

"पहिल्या शुक्रवारच्या हाराचेही धरा. ते राहिलेत तुमचे."

"बरं," ती म्हणाली. तिनं नोट नीट केली, अंगठ्यानं घडी दाबली. मग भवानीची नोट लावतात तशी आधी एका डोळ्याला लावली, मग दुसऱ्या, मग कपाळाला टेकवून जरा वेळ तशीच धरली आणि कमरेला खोचली.

"दुसरा पिच्चर येईल तवा पहिला हार माझाच," पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली. "त्या माळ्याला सांगून ठेवा."

"सांगते," मी म्हटलं.